मँचेस्टर व्हिक्टोरिया : रेल्वे स्टेशनात शिरणारी ट्राम

ओलीछत्री (धागाकर्ती)

"युरोपात ट्राम आणि रेल्वे एकत्र असतात म्हणजे काय, स्टेशनबाहेर ट्रामचा थांबा असतो एवढंच ना?" असं भटकंतीच्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते फारच लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. मी मँचेस्टरच्या उत्तरेला राहते. व्हिक्टोरिया स्टेशन माझ्या रोजच्या वाटेवर आहे, त्यामुळे त्याच्याबद्दलच लिहिते. बाकीच्या गावांचं जाणकारांनी लिहावं.

तर व्हिक्टोरियाला ट्रामचा थांबा स्टेशनबाहेर नाहीच, आत आहे. एकाच छपराखाली एका बाजूला रेल्वेचे फलाट आणि त्यांची गेटं, दुसऱ्या बाजूला ट्रामचे फलाट. गाड्या जिथे संपतात त्या रेल्वे फलाटांपासून तरी मध्ये जिना नाही, रस्ता नाही, सिग्नल नाही. ट्रामच्या रुळांवरून लोक सुटकेसा ओढत पलीकडच्या फलाटावर जातात. ट्राम भोंगा वाजवत सावकाश आत येते, थांबते, आणि मग स्टेशनातून निघून वळण घेत सरळ शहराच्या रस्त्यावर उतरते. नवीन माणूस पहिल्यांदा हे बघतो तेव्हा हमखास दचकतो, कारण रेल्वे स्टेशनात रूळ ओलांडायचे नाहीत हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं असतं.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ट्राम आत का आली ते कळत नाही. स्टेशन १ जानेवारी १८४४चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सतरा फलाट होते. लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९०९ साली त्याला आजची दगडी दर्शनी बाजू दिली. मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला पिकॅडिली स्टेशन. लंडनच्या गाड्या तिथे, उत्तरेकडच्या गिरणगावांच्या गाड्या इथे. दोन्ही स्टेशनांमध्ये दीडेक किलोमीटर अंतर आणि तेव्हा थेट जोडणारी रेल्वे नव्हती. ती जोडायला १९७०च्या दशकात 'पिक-विक' नावाच्या भुयारी रेल्वेची योजना आखली. पैसे मिळाले नाहीत, १९७७ साली ती कायमची गुंडाळली.

मग पुढच्या मंडळींनी स्वस्तातला मार्ग काढला. भुयार नको, रस्त्यावरूनच गाडी नेऊ. व्हिक्टोरियाला येणारी बरी (Bury) या गावाची लोकल आणि शहराच्या दक्षिणेची ऑल्ट्रिंचमची लोकल, या दोन्ही रेल्वेकडून काढून घेतल्या, त्यांच्या रुळांवर ट्राम सोडली, आणि मधला तुकडा शहराच्या रस्त्यात रूळ टाकून जोडला. ६ एप्रिल १९९२ला बरी ते व्हिक्टोरिया सुरू झालं, त्याच महिन्याच्या अखेरीस ट्राम रस्त्यावर आली, आणि जुलैत पिकॅडिलीला पोचली. मँचेस्टरची जुनी ट्राम जानेवारी १९४९मध्ये बंद झाली होती. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी ट्राम परत आली ती रेल्वेच्या अंगावरचे कपडे घालून.

माझं म्हणणं एवढंच, की गाडी बदलावी लागते याला लोक फारसे कंटाळत नाहीत. बदलताना मध्ये पाऊस, जिना, रस्ता आणि दुसरी तिकिटाची रांग आली की कंटाळतात. व्हिक्टोरियाने यातल्या पहिल्या तीन गोष्टी सोडवल्या आहेत. चौथीबद्दल खाली कुणी विचारलंच तर लिहीन.

---

दादरचा_दादा

छान लिहिलंय. चौथीबद्दल मीच विचारतो. तिकीट एकच का?

---

गोडलिंबू

वाचतेय. फोटो टाका की!

---

रूळकरी

उत्तम धागा. तांत्रिक बाजूने थोडी भर घालतो.

बरीची लोकल ही इंग्लंडातली एक अजब चीज होती. १९१६ साली तिचं विद्युतीकरण झालं ते १२०० व्होल्ट डीसीवर. वर तार नाही, रुळाशेजारी तिसरा रूळ, आणि त्यालाही गाडीचा 'बूट' (वीज घेणारा तुकडा) वरून न टेकता बाजूने टेकायचा. तिसऱ्या रुळाला लाकडी फळ्यांचं आवरण. इंग्लंडात असं दुसरीकडे कुठेच नव्हतं. आपल्याकडे व्ही.टी. ते कुर्ला पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला धावली, १५०० व्होल्ट डीसी, वरच्या तारेवर. म्हणजे बरीची लोकल आपल्या हार्बरच्या आधीची. पण तिचं सगळंच जगावेगळं असल्याने १९८०च्या दशकात गाड्या म्हाताऱ्या झाल्या तेव्हा नव्या कुठून आणायच्या हा प्रश्न होता. ट्रामच्या पदरात ही लाइन सहज पडली त्याचं हे एक कारण. ऑगस्ट १९९१मध्ये जुनी लोकल थांबली, तिसरा रूळ उखडला, वर ७५० व्होल्ट डीसीची तार आली.

दुसरा मुद्दा फलाटाच्या उंचीचा. युरोपात आजकाल ट्राम म्हटली की पायरी फुटपाथला टेकलेली असते. मँचेस्टरची ट्राम उंच आहे. कारण साधं. बरी आणि ऑल्ट्रिंचमच्या स्टेशनांचे फलाट रेल्वेच्या उंचीचे, साधारण नव्वद सेंटिमीटर. ते सगळे फोडण्यापेक्षा ट्रामच उंच घेतली. त्याची किंमत शहरात मोजावी लागते. भर रस्त्यात उतार असलेले उंच चौथरे बांधावे लागतात, आणि ते दिसायला काही फार देखणे नाहीत. पण एकदा हे ठरलं की पुढच्या सगळ्या लाइनी त्याच उंचीने बांधणं आलं.

चाकांचंही तसंच. रस्त्यातला रूळ खाचेचा असतो, रेल्वेचा उघडा. दोन्हीवर चालेल असा चाकाचा खास आकार करावा लागतो.

---

ओलीछत्री

@रूळकरी, फळ्यांचं माहीत नव्हतं. आमच्या शेजारचे आजोबा त्या जुन्या लोकलबद्दल भरभरून बोलतात. बोलणं थेट डब्यातल्या हीटरपर्यंत पोचतं.

@गोडलिंबू, फोटो रविवारी टाकते. पाऊस थांबला तर.

@दादरचा_दादा, तिकीट एकच नाही, पण अगदी वेगळंही नाही. ट्रामला गेट नाही. फलाटावरच्या खांबाला कार्ड टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. २०१९पासून बँकेचं साधं कार्डही चालतं. उतरताना टेकवायला विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं. मार्च २०२५पासून बस आणि ट्राममध्ये मिळून दिवसाची कमाल रक्कम ठरलेली आहे, त्यापुढे कितीही फिरा. रेल्वे मात्र अजून वेगळ्या घरची. तिच्या फलाटांना गेटं आहेत आणि तिचं तिकीट वेगळं. फक्त ग्रेटर मँचेस्टरमधल्या स्टेशनावरून शहराचं रेल्वे तिकीट काढलं तर त्यावर 'मँचेस्टर सीटीएलझी' असं छापून येतं. त्यावर शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं आणि ते ट्रामचे पैसे वेगळे भरतात.

---

विलंबित_एकताल

सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडा खडा टाकतो. मी रॉचडेलला राहतो.

व्हिक्टोरियाहून ओल्डहॅममार्गे रॉचडेलला जाणारी रेल्वे होती. ऑक्टोबर २००९मध्ये ती बंद केली आणि तिचीही ट्राम केली. २०१४पर्यंत ट्राम ओल्डहॅमच्या आणि रॉचडेलच्या भर बाजारातून जाऊ लागली. ओल्डहॅमला त्याचा फायदा झाला, हे मान्य. स्टेशन गावाबाहेर उतारावर होतं, ट्राम थेट दुकानांच्या दारात जाते. पण रॉचडेलचं काय? दुसऱ्या मार्गाची सरळ रेल्वे व्हिक्टोरियाला वीस मिनिटांच्या आत-बाहेर पोचवते. ट्रामला जवळजवळ तास लागतो, कारण ती ओल्डहॅमला वळसा घालून, दर दोन मिनिटांनी थांबत, रस्त्यावरच्या मोटारींबरोबर चालते. नकाशात दोन्ही रेषा रॉचडेल ते व्हिक्टोरिया अशाच दिसतात. पाहुणा ट्राममध्ये बसतो आणि अर्ध्या वाटेत फोन करतो, "अजून किती रे?"

ट्राममध्ये स्वच्छतागृह नसतं हेही लिहून ठेवा. तासभराच्या प्रवासात ज्येष्ठांना ते लागतं.

तेव्हा रेल्वे काढून ट्राम आणणं हा प्रत्येक ठिकाणी फायद्याचा सौदा असतो असं नाही. बरी जवळ आहे, तिथे जमलं.

---

ओलीछत्री

विलंबित, मुद्दा रास्त आहे. रॉचडेलच्या माणसाने रेल्वेच धरावी. पण ट्राम रॉचडेल ते मँचेस्टर जाणाऱ्यांसाठी नाहीच, असं मला वाटतं. ती रॉचडेल ते ओल्डहॅम, ओल्डहॅम ते फेल्सवर्थ, अशा मधल्या प्रवाशांची आहे. टोकापासून टोकापर्यंत बसणारे तुरळक.

---

विलंबित_एकताल

ते खरं. पण मग नकाशावर तसं लिहा ना. :)

---

नाशिकबुवा

अवांतर होईल, पण राहवत नाही. रेल्वे स्टेशन आणि ट्राम हा विषय निघाला की लोक मुंबई-कोलकाता धरून बसतात. आमच्या नाशिकला विसरतात!

रेल्वे आली ती नाशिकरोडला, गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब. मधे जंगल. यात्रेकरू गोदावरीवर जायला आलेले, आणि स्टेशनावर उतरल्यावर टांग्याशिवाय गती नाही. म्हणून १८८९च्या सुमाराला नाशिकरोड स्टेशनपासून मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत ट्राम टाकली. अडीच फुटी रूळ, दोन डबे, चार घोडे. सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे पुढे बार्शी लाइट रेल्वे ज्याने उभी केली तोच. बार्शीचे रूळही अडीच फुटीच होते. ब्रेडी नावाच्या खाजगी कंपनीची ही ट्राम, नंतर ती पेट्रोलच्या इंजिनावरही चालली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली.

म्हणजे बघा, आमची ट्राम शहरात फिरायला नव्हतीच. तिचं काम एकच, गाडीतून उतरलेल्या माणसाला गावात पोचवायचं. तुमच्या व्हिक्टोरियातल्या ट्रामच्या शंभर वर्षं आधी!

---

दादरचा_दादा

बुवा, दंडवत. हे खरंच माहीत नव्हतं.

मुंबईचं सांगायचं तर ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा पहिल्याच मार्गांपैकी एक बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. आजची व्ही.टी.ची इमारत तेव्हा उभीही नव्हती. १९०७ साली विजेची ट्राम आली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला गेली. दादर टी.टी.ला रोज लाखभर लोक बस पकडतात, पण तिथे ट्राम बघितलेली माणसं आता सत्तरीच्या पुढची.

मला ओलीछत्री ताईंच्या दोन स्टेशनांच्या गोष्टीत सी.एस.एम.टी. आणि चर्चगेट दिसतं. अगदी तोच मामला. मध्य रेल्वेचं शेवटचं स्टेशन इथे, पश्चिम रेल्वेचं तिथे, मध्ये दीडेक किलोमीटर, आणि पिढ्यान् पिढ्या लोक फॅशन स्ट्रीटवरून नाहीतर हुतात्मा चौकातून चालत किंवा शेअर टॅक्सीने जात आले. वडील सांगायचे की ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट पिळून घ्यावा लागायचा. आता ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ने चर्चगेट, हुतात्मा चौक, सी.एस.एम.टी. असं जोडलंय खरं. पण जमिनीखाली किती खोल! लोकलमधून उतरा, सबवे, सरकता जिना, तपासणी, पुन्हा सरकता जिना. मँचेस्टरवाल्यांना भुयार परवडलं नाही म्हणून ते वाचले, असं म्हणावंसं वाटतं.

---

हातरुमाल

+१ शेवटच्या वाक्याला.

---

रूळकरी

दादा, थोडं थांबा. मेट्रो ३ एका गाडीत जेवढी माणसं नेते तेवढी रस्त्यावरच्या ट्राममध्ये कोंबायची म्हटली तर ट्रामची रांग हुतात्मा चौकापासून फोर्टभर लागेल. मँचेस्टर आणि मुंबई यांच्या गर्दीची तुलना करून चालणार नाही. खोलीचा त्रास खरा आहे, पण तिथे भुयाराला पर्याय नव्हता.

व्हिक्टोरियाकडून शिकण्यासारखं आहे ते वेगळं. ट्रामचे चार रूळ, मध्ये तीन फलाट, आणि रेल्वेच्या गाड्या जिथे संपतात त्या फलाटांच्या पातळीवरच ते. २०१५ला नूतनीकरण करताना हे नीट आखलं. आधी तिथे अवघड जागेचा दुखणं होतं. २००९च्या एका पाहणी अहवालात देशातल्या दहा सर्वात वाईट स्टेशनांत व्हिक्टोरियाचं नाव होतं. जुनं छप्पर गळकं. ते काढून नवं पारदर्शक छप्पर घातलं, ईटीएफई नावाच्या फुगवलेल्या प्लास्टिकच्या गाद्यांचं. काचेपेक्षा पुष्कळ हलकं, त्यामुळे खाली खांब कमी लागतात. ट्रामला वळायला जागा हवी असते, खांब कमी असणं तिथे फार महत्त्वाचं.

---

गोडलिंबू

"अवघड जागेचं दुखणं" :D इंजिनिअर मंडळींचं व्याकरण.

---

रूळकरी

टायपो. मोबाइलवरून लिहितोय.

---

शोनार_पुणे

कोलकात्यात वाढलेली मराठी मुलगी, त्यामुळे बोलणं भाग आहे. भारतातली पहिली ट्राम मुळात रेल्वे स्टेशनासाठीच होती. २४ फेब्रुवारी १८७३, सियालदह ते आर्मेनियन घाट. स्टेशनावर उतरलेला माल नदीवर न्यायचा हा उद्देश. प्रवासी पुरेसे मिळाले नाहीत, त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद. १८८०मध्ये नव्या कंपनीने पुन्हा सुरू केली. हावड्याच्या नव्या पुलावरून १९४३ साली पहिलं वाहन गेलं तेही एक रिकामी ट्राम.

माझ्या लहानपणी हावडा स्टेशनातून बाहेर आल्यावर ट्राम मिळायची. १९९३च्या सुमाराला पुलावरची ट्राम बंद झाली. आणि सप्टेंबर २०२४मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढा वारसा मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करणार असं जाहीर केलं. मँचेस्टरने १९४९ला बंद केली आणि १९९२ला पुन्हा पैसे मोजून आणली. आम्ही दीडशे वर्षं चालू असलेली आता बंद करतोय. असो, राजकारणात जात नाही.

---

तळ्याकाठचा

मी जर्मनीत कार्ल्सरूहजवळ राहतो. नेमकं त्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९९२ला, आमच्याकडे याच्या उलट प्रयोग झाला. मँचेस्टरने रेल्वे बंद करून तिचे रूळ ट्रामला दिले. कार्ल्सरूहने रेल्वे चालूच ठेवली आणि ट्राम तिच्या रुळांवर चढवली. एकाच रुळावर पाठोपाठ मालगाडी, एक्सप्रेस आणि ट्राम. पहिली लाइन ब्रेटन गावाची. ट्राममध्ये दोन्ही वीजप्रणाली लागतात. शहरात ७५० व्होल्ट डीसी, रेल्वेवर १५,००० व्होल्ट एसी. मधल्या छोट्या तुकड्यात तारेत वीजच नसते, गाडी वेगाच्या जोरावर तेवढं अंतर कापते, आतले दिवे क्षणभर मिणमिणतात, पंख्याचा आवाज बदलतो. सवय झाली की वर बघतही नाही कुणी.

फायदा असा की गाडी बदलावीच लागत नाही. तुमच्या गावच्या स्टेशनात बसलात की थेट बाजारपेठेत उतरता. तोटा असा की मालगाडीला उशीर झाला की शहराच्या मधल्या चौकातली ट्रामही खोळंबते. भर रस्त्यात इतक्या ट्राम झाल्या की शेवटी मुख्य रस्त्याखाली भुयार काढावं लागलं, ते २०२१च्या डिसेंबरात सुरू झालं. बघा, भुयार कुणालाच चुकलं नाही.

मला विचाराल तर ओलीछत्रींचं म्हणणं मला पटतं आणि नाहीही. गाडी बदलणं सोपं करणं चांगलं, पण न बदलता जाता आलं तर त्याहून बरं.

---

ओलीछत्री

@तळ्याकाठचा, दिव्यांचं वर्णन आवडलं. न बदलता जाण्याची किंमत तुम्हीच सांगितलीत ना, रेल्वेचा उशीर शहरात येतो. व्हिक्टोरियाला लीड्सची गाडी अर्धा तास उशिरा आली तरी बरीची ट्राम तिच्या वेळेवर सुटते. दोघींचे रूळ वेगळे, सिग्नल वेगळे, मालक वेगळे. सामाईक आहे ते फक्त छप्पर. मला तर हा वेगळेपणाच व्हिक्टोरियाचा गुण वाटतो. ट्राम दर काही मिनिटांनी असते, त्यामुळे ही चुकली तरी कुणी धावत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी एक असती तर बदलण्याची सगळी गंमत संपली असती. जवळ असणं निम्मंच झालं, वारंवार असणं हवं.

---

सायोनारा_मावशी

हिरोशिमाहून नमस्कार. आमच्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये ट्राम थेट स्टेशनच्या दुसऱ्या मजल्यावर आली! पूर्वी स्टेशनसमोरच्या चौकात थांबायची. आता नदीवरच्या पुलाकडून चढ चढत नव्या इमारतीत शिरते आणि रेल्वेच्या गेटांसमोर, त्याच मजल्यावर उभी राहते. चौकातली वळणं वाचल्याने गावात जायचा वेळही थोडा कमी झालाय. उद्घाटनाच्या आठवड्यात ट्रामपेक्षा फोटो काढणारेच जास्त. त्याच ट्राम कंपनीने १९४५च्या बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी एका छोट्या मार्गावर गाडी सुरू केली होती, आणि त्यातून वाचलेल्या दोन जुन्या गाड्या, ६५१ आणि ६५२, अजून रुळावर आहेत.

---

गिरणीचा_भोंगा

ट्राममधलं मला काही कळत नाही, पण ओल्डहॅमचं नाव वाचून थांबलो. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत जॉबर. त्यांच्या खात्यातल्या मशिनांवर ओतीव अक्षरांत 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' असं असायचं. लहानपणी मला वाटायचं, ओल्डहॅम हे मशिनचं आडनाव. त्या गावाला आता ट्रामने जाता येतं हे वाचून फार गंमत वाटली.

ताई, स्टेशनात त्या गिरण्यांच्या काळातलं काही उरलंय का?

---

ओलीछत्री

@गिरणीचा_भोंगा, पुष्कळ उरलंय, आणि तेच बघायला मी पाहुण्यांना नेते.

आत शिरताना भिंतीवर पांढऱ्या टाइल्सचा प्रचंड नकाशा आहे, लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या सगळ्या लाइनींचा. ओल्डहॅम, रॉचडेल, बरी, बोल्टन, ब्लॅकबर्न, सगळी कापसाची गावं लाल रेषांनी जोडलेली. त्यातल्या कितीतरी रेषा आज नाहीत आणि काहींवर ट्राम धावते, म्हणून मला तो शोभेचा नकाशा न वाटता एखाद्या जुन्या घरातल्या भिंतीवरची वंशावळ वाटते. त्याच्या खाली पहिल्या महायुद्धात गेलेल्या या रेल्वेच्या कर्मचाऱ्यांची नावं, चौदाशेच्या वर, ब्राँझच्या पत्र्यांवर. बाहेरच्या लोखंडी छज्जावर काचेत जुन्या मुक्कामांची नावं आहेत, त्यात चक्क आयर्लंड आणि बेल्जियम. या रेल्वेची स्वतःची जहाजं होती, तिकीट इथेच काढून बंदराकडे जायचं. घुमटाखालची जुनी रिफ्रेशमेंट रूमही आहे, वर मोझेकची सोनेरी अक्षरं.

जे उरलं नाही तेही सांगते. शेजारी एक्सचेंज नावाचं दुसरं स्टेशन होतं. १९२९ साली दोन्ही स्टेशनं एकाच फलाटाने जोडली, अकरा नंबरचा फलाट, २,२३८ फूट लांब. युरोपातला सर्वात लांब म्हणून तो मिरवायचा. एक्सचेंज १९६९ला बंद झालं. नंतर रेल्वेच्या काही फलाटांवर १९९५ साली मोठं अरीना (कार्यक्रमांचं बंदिस्त सभागृह) बांधलं. म्हणून आता लीड्सची गाडी पकडायला पूल ओलांडून त्या अंधाऱ्या छताखाली जावं लागतं. ट्रामच्या बाजूला लख्ख उजेड आणि रेल्वेच्या बाजूला तळघर. २०१७च्या २२ मेला याच अरीनाच्या दारात बॉम्बस्फोट झाला, बावीस माणसं गेली. स्टेशन आठवडाभर बंद होतं.

---

दादरचा_दादा

वाईट वाटलं वाचून. नकाशाचा फोटो नक्की टाका, ताई.

---

माईंची_सून

एक व्यवहारातला प्रश्न. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंना (वय ७६, गुडघे दोन्ही बदललेले) घेऊन बरीला नणंदेकडे जायचंय. मँचेस्टर विमानतळावर उतरून ट्रामने व्हिक्टोरिया, तिथून बरीची ट्राम, असं नणंद म्हणते. चढ-उतार किती? सामान दोन मोठ्या बॅगा.

---

ओलीछत्री

विमानतळावरून व्हिक्टोरियाला ट्राम आहे, पण तासाच्या आसपास लागतो, शिवाय गावभर वळत जाते. बारा तासांच्या विमानानंतर नको. विमानतळावरूनच पिकॅडिलीची रेल्वे घ्या, वीसेक मिनिटं. पिकॅडिलीला ट्राम स्टेशनाच्या खाली, जुन्या गोदामाच्या कमानींत आहे. लिफ्ट आहे. तिथून बरीची ट्राम सरळ मिळते, म्हणजे व्हिक्टोरियाला उतरायचंही नाही, गाडीतूनच बघा. ट्रामचं दार आणि फलाट एका पातळीवर असतात, सासूबाईंना पाय उचलावा लागणार नाही. रूळकरींनी नावं ठेवलेल्या उंच चौथऱ्यांचा फायदा इथे होतो. विमानतळावरून काही रेल्वेगाड्या थेट व्हिक्टोरियालाही येतात, डिसेंबर २०१७ला झालेल्या नव्या जोडमार्गावरून. वेळ जुळली तर त्याही चालतील, फक्त तिथे रेल्वेच्या फलाटावरून ट्रामकडे येताना लिफ्ट वापरा, पूल चढू नका.

---

रूळकरी

नावं ठेवली नाहीत हो, देखणे नाहीत एवढंच म्हटलं.

---

विलंबित_एकताल

माईंची_सून, संध्याकाळी अरीनात कार्यक्रम असेल त्या रात्री मात्र व्हिक्टोरियाच्या वाटेला जाऊ नका. दहा-साडेदहाला सगळी गर्दी एकदम ट्रामच्या फलाटावर येते. तारीख आधी बघून घ्या.

---

माईंची_सून

सगळ्यांचे आभार. नणंदेला धाग्याची लिंक पाठवली. तिचं उत्तर आलंय, "मी गाडी घेऊन येते विमानतळावर."